ताटाची डावी बाजू

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला त्याच्या दोनच दिवस आधी घरात तेलाचा पाच लिटरचा नवा डबा फोडला होता. पुढे असा डबा आमच्या घरात किती दिवस पुरतो ते मी मोजलं. खरी सुरुवात तिथून झाली, म्हणून हृदयाला सोसेल असं आपलंच ताट कसं वाढायचं, ते तुम्हालाही तिथूनच सांगणार आहे. पण आधी थोडी हकिगत.

मी कोथरूडला पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज साठ-पासष्ट डबे जातात. गिऱ्हाइकांच्या पोटात काय जातं याचा हिशेब माझ्या वहीत किलो-लिटरमध्ये असतो. घरच्या चौघांचा, म्हणजे हे, सासूबाई, मुलगी आणि मी, असा हिशेब वीस वर्षांत कधी मांडला नव्हता.

हे तेव्हा बावन्न वर्षांचे. भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर. वजन बेताचं, सिगारेट नाही, त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त. त्या दिवशी जेवण झाल्यावर छातीत जड वाटायला लागलं, जबडा दुखायला लागला. "पित्त झालंय," म्हणून सोडा प्यायले, आडवे झाले, मग गच्चीत फेऱ्या मारल्या. यात तीन तास गेले. तुमच्या घरी कुणाला असं झालं, म्हणजे छातीत दाब, दरदरून घाम, जबडा किंवा हात दुखणं, बायकांना तर कधी नुसती मळमळ आणि धाप, तर सोडा-बिडा करत बसू नका. १०८ ला फोन लावा. खाण्यापिण्याच्या गोष्टी त्यानंतरच्या.

एक स्टेंट घालून पाचव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना हातात पथ्याचा छापील कागद दिला. त्यात ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली, ॲव्होकॅडो, किन्वा. आमचा गल्लीतला भाजीवाला तो कागद वाचून म्हणाला, "काकू, यातलं एवढं लिंबू आहे माझ्याकडे." मग मी माझ्या अकलेनं पथ्य सुरू केलं. पंधरा दिवस सगळं उकडलेलं. उकडलेला दुधी, बिनफोडणीची आमटी, कोरडा फुलका. सोळाव्या दिवशी ह्यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात वडापावचा तेलकट कागद सापडला, तळलेल्या मिरचीच्या बियांसकट.

मी चिडले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "त्याला आजाऱ्याचं पान वाढू नकोस. आपलंच वाढ, फक्त डावं-उजवं बघून वाढ."

आपल्याकडे पान वाढायची रीत ठरलेली आहे. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी. मधे पोळी आणि भात. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात काय झालं होतं, तर कोशिंबीर चमचाभर उरली होती, लोणच्याची फोड मोठी झाली होती, आणि मधला भात-पोळीचा ढीग सगळ्या ताटावर पसरला होता. सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं बसवलं.

आधी तेल. डबा फोडलात की त्यावर मार्करनं तारीख लिहा, आणि संपला की परत लिहा. आमचा पाच लिटरचा डबा बरोबर तीस दिवसांत संपत होता. चार माणसं, म्हणजे माणशी दिवसाला बेचाळीस मिली. चहाच्या चमच्यानं आठ चमच्यांहून जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून सत्तावीस ग्रॅम धरलंय, म्हणजे साधारण सहा चमचे. आणि आमच्या आठ चमच्यांत बाहेरचे वडे, फरसाण, कँटीनमधला रस्सा धरलेलाच नव्हता.

माझा अंदाज होता की तेल फोडणीत जातंय. मोजल्यावर कळलं की ते पोळीत जातंय. दिवसाला चौदा पोळ्या, घडीत अर्धा चमचा आणि तव्यावरून काढल्यावर वरून अर्धा चमचा. सत्तर मिली रोज, महिन्याला दोन लिटर! नुसत्या पोळ्यांना! आता घडीत बोटाने पुसटसं तेल लावते, त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरते म्हणजे पदर सुटतात, आणि वरून काहीही लावत नाही. पोळी मऊ राहायचं गुपित तेलात नसतं. कणीक थोडी सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा आणि तवा चांगला तापवा. हे मी साठ डब्यांच्या पोळ्यांवर पारखून घेतलं आहे.

फोडणीसाठी तेलाच्या भांड्यात पळी ठेवू नका, चहाचा चमचा ठेवा. पळीने घातलं की हात ऐकत नाही. चौघांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. भाजी खाली लागेल अशी भीती वाटते, त्यावर उपाय आपल्या आज्यांनी करून ठेवलाय: कढईवर खोलगट ताटली ठेवा, ताटलीत पाणी घाला. वाफ खालीच राहते, भाजी तिच्या अंगच्या पाण्यात शिजते, आणि लागेल तसं ताटलीतलंच गरम पाणी भाजीत ओतता येतं. गवार, घेवडा, फरसबी या रीतीनं छान होतात. वांगं मात्र कुरकुर करतं, त्याला तेल हवंच असतं. म्हणून वांग्याचं भरीत करते, काप करत नाही.

सगळं एका महिन्यात करू नका. माझा दुसरा डबा अडतीस दिवस गेला, तिसरा पन्नास, आणि आता साठ दिवसांच्या आसपास जातो. जिभेला कळायच्या आत झालं. तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवणं मात्र पहिल्याच दिवशी बंद केलं. आणि कोणतं तेल, हा प्रश्न मला रोज विचारतात. आम्ही शेंगदाण्याचं आणि सूर्यफुलाचं आलटून पालटून वापरतो. वनस्पती तूप घरात येत नाही, आणि पामतेलही नाही, कारण त्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी सॅच्युरेटेड फॅट.

साजूक तुपावरून पुण्यात भांडणं होतात, म्हणून माझं मत सांगून टाकते. तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. माझी मुलगी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिनं मला समजावलं ते असं: रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून न्यायचं काम यकृत करतं. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृताची ही उचल मंदावते, मग ते रक्तात फिरत राहतं आणि धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. तेव्हा तूप औषध म्हणून चमच्या-चमच्याने खाऊ नका. गरम वरण-भातावर अर्धा चमचा घ्या, मन लावून खा. पोळीला नको, शिऱ्यात वाटीभर नको.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. शिगोशीग नव्हे. जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो, आणि हृदयाला दर ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. मी सकाळी एका छोट्या वाटीत चौघांचे मिळून तीन सपाट चमचे मीठ काढते. दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातच. चौथा चमचा लोणचं, पापड, पाव यांच्या नावानं सोडलेला असतो, कारण तो कळत-नकळत पोटात जातोच. पापडात तर मीठ आणि पापडखार दोन्ही, सोडियमची दुहेरी भर.

कणकेत मीठ घालणं बंद केलं, कुणाला कळलंही नाही. भातात तर आम्ही घालतच नव्हतो. ताटातलं मीठ काढायला गेले तेव्हा मात्र सासूबाई अडल्या. "मीठ न वाढलेलं पान म्हणजे काय पान?" तोड अशी निघाली की मीठ वाढायचं, पण चार दाणे, आणि त्याच्या शेजारी लिंबाची फोड दुप्पट मोठी. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जिभेच्या लक्षात येत नाही. आमसूल, चिंच, कैरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, भरपूर कोथिंबीर, सगळी याच कामाची. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अळणी लागेल. मग एक दिवस बाहेरची भाजी तोंडात घालाल आणि खारट लागेल, तेव्हा समजा जीभ वळली.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचनं गुणा, तेवढं मीठ. शंभर ग्रॅम फरसाणाला आठशे लिहिलं असेल तर दोन ग्रॅम मीठ, दिवसाच्या वाट्यातलं जवळपास निम्मं.

आता आपण डाव्या बाजूला आलो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला निदान चारशे ग्रॅम पोटात जावीत असं सांगतात, त्यात बटाटा धरत नाहीत. केंद्रातल्या काट्यावर आमच्या घरचं वजन केलं तर माणशी दीडशेच्या वर जाईना. भाजी दुप्पट करून कुणी खात नाही. कोशिंबीर मात्र खातात. म्हणून चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर केली, आणि आधी ती वाढायची. पोळ्या तव्यावर असेपर्यंत भुकेलेली माणसं समोर येईल ते खातात, त्याचा फायदा घ्यायचा.

रोज वेगळी हवी, नाहीतर चौथ्या दिवशी तोंडं वाकडी होतात. खमंग काकडी, किसलेलं गाजर लिंबू पिळून, मुळा भिजवलेल्या मूगडाळीबरोबर, दह्यातलं बीट, कोवळा कोबी, टोमॅटो-कांदा. थंडीत मेथीची कोवळी पानं बारीक चिरून कांदा आणि दाण्याच्या कुटाबरोबर. कूट दोन चमचे, मूठभर नव्हे. दाण्यातली चरबी चांगली असली तरी ती चरबीच आहे. फोडणी अर्ध्या चमच्याची, हिंग-जिऱ्याची. आणि मीठ अगदी पानावर घेताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, ते ओतून टाकावं लागतं आणि मग वरून आणखी मीठ पडतं.

पालेभाजीसाठी आठवड्यातून दोनदा सकाळी मंडईत जाते. चाकवत, चुका, अंबाडी, माठ, शेपू, जे हिरवंगार दिसेल ते. रक्त पातळ व्हायची वॉरफरिन नावाची गोळी घरात कुणाला चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका आणि एकदम सोडूही नका. त्यातल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. दर आठवड्याला साधारण सारखी खा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. मुलीनं आणखी एक सांगितलं, जे मला अजिबात माहीत नव्हतं: कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं आणि ग्रेपफ्रूटचं जमत नाही, गोळीचा अंश रक्तात वाढतो. आपलं पपनस त्याच भावकीतलं. त्यामुळे ते ह्यांना द्यायचं आम्ही विचारूनच ठरवतो. पेरू, संत्रं, पपई, सासवडकडची अंजिरं आहेत की खायला. फळ चावून खा, रस काढला की चोथ्याबरोबर निम्मी कमाई टोपलीत जाते.

उजव्या बाजूला रोज एक कडधान्य. मटकी, मूग, मसूर, चवळी, हुलगे. यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून ओढून घेतं. म्हणजे मटकीची उसळ खाता तेव्हा पोटात एक छोटी वसुली चालू असते. खोबऱ्याच्या वाटणाऐवजी शिजलेलीच दोन चमचे उसळ ठेचून रश्शाला लावा, दाटपणा येतो. आम्ही बुधवारी-रविवारी मासे खातो, श्रावण सोडून. गणेश पेठेतून बांगडा आणते. स्वस्त आणि ओमेगा-३ चा, म्हणजे माशांतल्या चांगल्या चरबीचा. कालवण करते, तळत नाही.

मधल्या ढिगाचं काय? भाताची मूद निम्मी केली आणि वरणाची वाटी मोठी केली. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. भाकरीत ना तेल ना मीठ, आणि कोंड्यासकट पीठ. जमत नाही म्हणणाऱ्यांना एकच सांगते: पीठ ताजं हवं. पंधरा-वीस दिवसांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग ते थापताना फाटतं आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देता. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर ती घ्या, चार-पाच किलोच दळून आणा, कढत पाण्यात मळा. चाळणी मात्र कपाटातच राहू द्या.

चहा-खारीबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण ती माझीच दुखरी जागा आहे. दुपारी चारला केंद्र आवरल्यावर दोन खारी मी खायचेच. खारीचे पदर कशाने सुटतात ते मला चांगलं माहीत आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची कायद्याची मर्यादा आली, ते बरं झालं. हे फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं उतरवतं. पण मर्यादा आली म्हणून खारी पथ्याची झाली नाही. मी आता फुटाणे खाते. साखर दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा उतरवत आणली. दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच-सहा चमचे, यावी हे बरं. दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की आठ झालेच. आणि पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर गुळाचा चहा मिळतो तो पथ्याचा समजून तीनदा पिणाऱ्यांनो, गूळसुद्धा साखरच आहे.

उपवासाला आमच्याकडे "एकादशी दुप्पट खाशी" अक्षरशः खरं होतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, त्यात बटाटा, वर तूप. आता भगर, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दही. खिचडी वर्षातून दोनदा, आषाढीला आणि महाशिवरात्रीला.

मिसळ मात्र मी ह्यांची तोडली नाही. वडापावच्या कागदानं तेवढं शिकवलं होतं. महिन्यातून एक रविवार, मोड आलेली मटकी जास्त, वरची तर्री बाजूला, फरसाण वेगळ्या वाटीत, पाव एक. पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा वेटरनं ह्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मंगल कार्यालयात जेवायला येऊन अक्षता नाकारल्या. त्या दिवशी जाताना-येताना चालत जातो. एरवी रोज सकाळी हनुमान टेकडी.

केंद्रातल्या गिऱ्हाइकांना कमी तेलाची भाजी देऊन पाहिली, तर तिसऱ्या दिवशी तक्रार: "काकू, भाजीला तेल सुटलेलं दिसत नाही." म्हणून तो डबा वेगळा केला. सध्या चौदा जण घेतात, बहुतेक जण रिपोर्ट हातात आल्यावर.

चार महिन्यांनी ह्यांचं एलडीएल १४८ वरून ६६ वर आलं. यात गोळीचं किती आणि कोशिंबिरीचं किती ते मला वेगळं काढता येत नाही, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नसते, हे ह्यांना दोनदा बजावावं लागलं. माझा रक्तदाब मात्र गोळीशिवाय १३८/८८ वरून १२४/८० झाला. ह्यांची दुपारची पेंग गेली, मुलगी म्हणते बाबांची चिडचिड कमी झाली. सासूबाईंना यातल्या आकड्यांशी देणंघेणं नाही. त्यांचं पोट सकाळी वेळेवर साफ होतं, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

डाव्या बाजूला लोणच्याच्या जागी काय, हे राहिलं. जवसाची चटणी. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि ताटात काढून पूर्ण गार होऊ द्या. त्याच कढईत चार-पाच सुक्या मिरच्या, आठ लसूणपाकळ्या आणि चमचाभर जिरं कोरडंच परता. दोन आमसुलं, अर्धा चमचा मीठ घालून सगळं भरड वाटा. जवस अख्खा राहिला तर तसाच पोटातून निघून जातो आणि त्यातल्या ओमेगा-३ चा उपयोग होत नाही, म्हणून वाटायलाच हवा. भाकरीबरोबर रोज एक चमचा. छोट्या बरणीत भरा आणि पंधरा दिवसांचीच करा, पुढे खवट होते.